पट्टी वाकली, पण कशामुळे?

मालगुंडच्या एका बागायतदार वाचकाने विचारलं आहे: आंबा अढीत पिकवला की कार्बाइड लावून, हे जागच्या जागी सांगणारं खिशातलं यंत्र निघालं आहे का? प्रश्नामागची तळमळ कळते. 2018 साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीतला आंबा कसा पिकला हे मानांकनाच्या कागदाला कळत नाही. त्यात ‘नॅनो-नाक आलं, अब्जांश भागही हुंगणार’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात. तेव्हा या नाकाची एकदा नीट तपासणी करू.

अशा अनेक यंत्रांच्या मुळाशी असते एक पट्टी. लांबी फार तर अर्धा मिलिमीटर, जाडी एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं अधांतरी. तिच्या एकाच बाजूला लेप असतो आणि हवा असलेला रेणू त्या लेपाला चिकटतो. मग पट्टी वाकते. रेणूंच्या वजनाने नव्हे बरं का! उन्हात घातलेला पापड आठवा. वरची बाजू आधी वाळते, आकसते, खालची अजून ओली असते, म्हणून कडा वर येतात. इथेही एका पृष्ठभागावर रेणूंची दाटी झाली की तिथला ताण बदलतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो, आणि या ओढाताणीत पट्टी वळते.

या ओढाताणीचं गणित 1909 सालचं आहे. जॉर्ज जेराल्ड स्टोनी हा वाफेच्या टर्बाइनवर काम करणारा आयरिश इंजिनिअर. विजेच्या साहाय्याने चढवलेला धातूचा मुलामा जाड झाला की सोलून का निघतो, हा त्याचा प्रश्न. त्याने पोलादाच्या पातळ पट्ट्यांना एका बाजूने निकेल चढवलं, त्या किती वाकल्या ते मोजलं आणि त्यावरून मुलाम्यातला ताण काढला. आजचे संशोधकही सुरुवात त्याच्याच समीकरणापासून करतात. (‘इलेक्ट्रॉन’चं बारसं करणारे जॉन्स्टन स्टोनी हे याचे वडील. घरात काय गप्पा होत असतील!)

ही पट्टी सूक्ष्मदर्शकात आली 1986 साली. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक बनवला. त्यातली पहिली पट्टी सोन्याच्या पत्र्याची होती आणि तिच्यावर हिऱ्याचा कण चिकटवलेला होता. त्याच वर्षी आधीच्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकासाठी बिनिग आणि त्यांचे सहकारी रोहरर यांना नोबेल मिळालं. तो सूक्ष्मदर्शक उभारण्यात गेर्बर यांचाही हात होता, पण पारितोषिकाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कल्पना सुचणाऱ्याचं नाव होतं आणि ती हाताने घडवणाऱ्याचं मागे राहतं, ही विज्ञानातली जुनी रीत आहे. गेर्बर यांना मिळालेल्या 2016 च्या कावली पारितोषिकाने थोडी भरपाई केली, एवढंच.

सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांना या पट्ट्यांचा एक त्रास होई. ऊब लागली, हवा दमट झाली की त्या आपोआप वाकत आणि मोजमाप बिघडे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत थॉमस थुंडट आणि सहकाऱ्यांनी 1994 साली या त्रासाचाच पद्धतशीर अभ्यास केला. पट्टी दमटपणा ओळखते, तर मग आणखी काय काय ओळखेल? 2000 साली गेर्बर ज्यात होते त्या गटाने अशाच पट्ट्यांवर डीएनएचे छोटे धागे बसवले. बारा अक्षरांच्या दोन धाग्यांत एकच अक्षर वेगळं होतं, तरी पट्ट्यांनी तो फरक दाखवला.

आपल्याकडे हे काम पवईत बहरलं. आयआयटी मुंबईत व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने महागड्या, ताठ सिलिकॉनऐवजी एसयू-8 या कितीतरी लवचीक पॉलिमरच्या पट्ट्या केल्या. वाकणं मोजायला नेहमी लागतो तो लेझरही नको. पॉलिमरमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे शेवटी काजळीच, मिसळायची. पट्टी ताणली की काजळीचे कण एकमेकांपासून दूर जातात आणि विजेला होणारा रोध वाढतो. हृदयविकाराच्या झटक्याची चाहूल रक्तातल्या प्रथिनांवरून घेणं आणि स्फोटकांची वाफ ओळखणं, ही या गटाची दोन उद्दिष्टं होती. त्यातूनच उभ्या राहिलेल्या नॅनोस्निफ कंपनीचं सूक्ष्मसंवेदकावर चालणारं स्फोटकशोधक यंत्र एप्रिल 2021 मध्ये बाहेर आलं. नॅनोग्रॅमभर स्फोटक दहा सेकंदांच्या आत ओळखतं, असं कंपनी सांगते.

मग आंब्याचं काय अडलं? पट्टीला स्वतःला कशाचाच वास येत नाही. ओळख पटते ती लेपाला. पट्टीवर सोन्याचा थर दिला जातो; सोन्याला गंधकाची ओढ असते, म्हणून लेपातल्या रेणूचं गंधकाचं टोक सोन्यावर बसतं आणि दुसरं टोक पाहुण्याला धरतं. पण पाहुणा कोण ते आधी ठरायला हवं. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघतो आणि फळ पिकवून उडून जातो. इथिलीन शोधावा, तर तो प्रत्येक पिकणारा आंबा स्वतःच सोडतो. कायद्याने कार्बाइडला बंदी आहे, पण म्हणूनच ठरावीक प्रमाणात इथिलीन वायूला मुभा आहे. उरतात ती कार्बाइडमधली आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्ध द्रव्यं. ती सालीवर राहिली तर लेशमात्र, आणि भोवती हापूसच्या स्वतःच्या सुगंधी रेणूंचा घमघमाट. मालगुंडकरांना उत्तर द्यायचं तर हे: तरल पट्टी तयार आहे, खिशातलं यंत्रही होईल, पण फक्त कार्बाइडचीच खूण धरणारा लेप ही खरी अडचण आहे.

शिवाय पाणी आहेच. टीएनटी या स्फोटकाची वाफ नेहमीच्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती, तर अब्ज रेणूंमागे पाच-दहा. कोकणातल्या दमट दिवशी त्याच अब्ज रेणूंत पाण्याचे रेणू तीन कोटींहून जास्त असतात, आणि पॉलिमर ते आनंदाने शोषतो. यावर तोड म्हणून शेजारी बिनलेपाची पट्टी ठेवतात आणि दोघींच्या वाकण्यातला फरक घेतात. उपाय उत्तम, पण तीन कोटींतून पाच वेगळे काढताना दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या हव्यात, आणि सारख्या पट्ट्या घडवणं हे गेर्बर यांच्यासारख्या कारागिराचं काम.

म्हणून पुढची ‘अब्जांश भाग ओळखतं’ ही बातमी वाचाल, तेव्हा त्या आकड्यावर भाळू नका. हवेत तेव्हा आणखी काय काय होतं, ते विचारा. कोरड्या नायट्रोजनच्या नळीत पट्टी शहाण्यासारखी वागते, यात नवल नाही. यंत्र कोकणात विकायचं असेल, तर त्याची चाचणीही रत्नागिरीत, खिडक्या उघड्या ठेवून, आषाढात व्हायला हवी.