जुने गेम्स खरंच भारी होते का? एका मताचा रिसर्च प्रश्न करताना



पेटची तयारी करणारे ज्युनियर्स भेटले की एक प्रश्न हमखास येतो: "टॉपिक तर सुचतो, पण त्याचा रिसर्च क्वेश्चन कसा करायचा?" आज त्याचं उत्तर पुस्तकातल्या व्याख्येने न देता माझ्या रूममेटच्या मदतीने देतो. तो पक्का गेमर आहे आणि त्याची तीन मतं हॉस्टेलमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. एक, जुने गेम्स आजच्यापेक्षा भारी होते. दोन, जुने गेम्स पुन्हा काढणं म्हणजे नुसता पैसे उकळायचा धंदा. तीन, आजकालच्या गेम्सची फक्त हवा असते.

मला ही मतं खोडायची नाहीत. ती तपासायची असतील तर काय करावं लागेल, एवढंच बघूया.

मत पहिलं: "जुने गेम्सच भारी होते"

मी त्याला विचारलं, "कोणते जुने गेम्स?" तो म्हणाला, "अरे, मारिओ, झेल्डा, कॉन्ट्रा... कुठलाही घे!"

गडबड इथेच आहे. निन्टेन्डोने २०१६ मध्ये आपल्या १९८० च्या दशकातल्या एनईएस कन्सोलची छोटी आवृत्ती काढली, एनईएस क्लासिक. त्यात ३० गेम्स आधीच भरलेले होते. मूळ एनईएसवर एकट्या अमेरिकेत ७०० च्या आसपास गेम्स आले होते. म्हणजे डब्यात आले ते साधारण ४ टक्के, आणि तेही निवडून घेतलेले. ते ३० खेळून "त्या काळचे गेम्स भारी होते" म्हणणं म्हणजे फक्त मेरिट लिस्ट वाचून "आमच्या वेळी सगळीच पोरं हुशार होती" म्हणण्यासारखं आहे.

उरलेल्यांचं काय झालं? अटारीचा 'ई.टी.' आठवा. १९८२ च्या ख्रिसमसला बाजारात आणायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरने तो जेमतेम पाच आठवड्यांत बनवला. गेम आपटला. १९८३ मध्ये अटारीने न विकला गेलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला आणि २०१४ मध्ये खोदकाम झालं तेव्हा त्यात 'ई.टी.'ची काडतुसं खरोखर सापडली. वाईट गेम्स त्या काळीही होतेच. फक्त त्यांना कोणी सुंदर डब्यात घालून परत विकत नाही. जे टिकलं तेच बघून संपूर्ण काळाबद्दल निष्कर्ष काढणं याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

याचा एक देशी भाऊही आहे. आपल्याकडे लहानपणी ज्यांनी टीव्हीला जोडायचा स्वस्त व्हिडिओ गेम खेळलाय, त्यांना '९९९९ इन १' वाली कॅसेट आठवत असेल. लिस्ट संपता संपायची नाही, पण खेळायला बसलं की कळायचं, वेगळे गेम्स मोजकेच. तेच पुन्हा पुन्हा, कधी नाव बदलून, कधी पुढच्या लेव्हलपासून. रिसर्चमध्ये हेच झालं की त्याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांचा १९८४ चा पेपर यावरच आहे. एकाच फ्लास्कमधून घेतलेली पाच रीडिंग्ज म्हणजे पाच स्वतंत्र सॅम्पल नव्हेत. 'एन'चा आकडा मोठा दिसला की आधी ही कॅसेट आठवा.

मत दुसरं: "पुन्हा काढणं म्हणजे धंदा"

इथे पहिला प्रश्न व्याख्येचा. 'पुन्हा काढणं' म्हणजे नक्की काय? जुना गेम जसाच्या तसा नव्या मशीनवर चालवला तर तो पोर्ट. चित्रं आणि आवाज सुधारले तर रीमास्टर. सगळं नव्याने बांधलं, जसं २०२० चा 'फायनल फँटसी सेव्हन रीमेक', तर तो रीमेक. तिन्ही एकाच ढिगात टाकले तर उत्तर काहीही आलं तरी त्याला अर्थ नाही. रिसर्चच्या भाषेत, आधी ऑपरेशनल डेफिनिशन ठरवा.

दुसरा प्रश्न मोजण्याचा. सोनीचं प्लेस्टेशन क्लासिक २०१८ मध्ये आलं, तेव्हा 'टेकन ३' सारखे काही गेम्स मंद वाटतात अशी ओरड झाली. हा नुसता आठवणींचा खेळ नव्हता. त्यात काही गेम्सच्या युरोपातल्या ५० हर्ट्झच्या आवृत्त्या घातल्या होत्या, आणि अमेरिका-जपानमध्ये लोक ६० हर्ट्झवर खेळलेले होते. 'मंद वाटतो' हे मत, '५० की ६०?' हा प्रश्न. पहिल्यावर भांडण होतं, दुसऱ्याचं उत्तर मिळतं.

आणि रूममेटचं मत पूर्ण चुकीचंही नाही. 'जीटीए'च्या तीन जुन्या गेम्सची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. त्याच्या आधीच्या महिन्यात जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढल्या गेल्या. नवी आवृत्ती इतकी सदोष निघाली की रॉकस्टारला माफी मागावी लागली आणि पीसीवर जुने गेम्स परत द्यावे लागले. पण दुसरी बाजूही बघा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. कोणी पुन्हा काढले नाहीत तर ते कायदेशीर मार्गाने खेळणंच कठीण.

'सायलेंट हिल'चं उदाहरण तर प्रत्येक पीएचडीवाल्याने भिंतीवर लावावं. त्याचं २०१२ चं एचडी कलेक्शन करायला घेतलं तेव्हा मूळ गेम्सचा अंतिम सोर्स कोड कोनामीकडे शिल्लकच नव्हता. डेव्हलपर्सना अर्धवट कोडवरून काम करावं लागलं, आणि मूळ टीमने कधीच निस्तरलेले बग्ज त्यांच्या पानात पुन्हा पडले. आता तुमच्या लॅपटॉपवरची 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल खरंच फायनल' ही फोल्डर्स आठवा, आणि आजच बॅकअप घ्या.

मत तिसरं: "फक्त हवा असते"

हवा मोजायची कशी? अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यातलं अंतर, अशी व्याख्या करता येईल. पण अनुभव कोणाचा, आणि कधीचा?

'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला. समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, आणि पहिले रिव्ह्यू उत्तम आले. जुन्या कन्सोलवरच्या लोकांनी गेम लावला तेव्हा तो धड चालेना. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, तो थेट जून २०२१ मध्ये परत आला. समीक्षकांनी खोटं लिहिलं असं नाही. त्यांचं सॅम्पलच एका बाजूचं होतं.

'नो मॅन्स स्काय'चं उलटं झालं. ऑगस्ट २०१६ मध्ये लोकांनी त्याला धुऊन काढलं. मग छोट्या टीमने वर्षानुवर्षं फुकट अपडेट्स दिले, आणि २०२४ पर्यंत स्टीमवरचा एकूण कौल 'अत्यंत सकारात्मक'पर्यंत पोचला. हा गेम ओव्हरहाइप्ड होता का? २०१६ मध्ये मोजलं तर हो, २०२४ मध्ये मोजलं तर नाही. डेटा कधी गोळा केला हे लिहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

आता माझी गोष्ट

रूममेटला हे सगळं शहाणपण शिकवणारा मी स्वतः दुसऱ्या वर्षात याच खड्ड्यात पडलो. एका बुरशीतून एन्झाइम वेगळं करायचं होतं. पाच-सहा पेपर वाचले, सगळ्यांत पद्धत चाललेली. मी चार महिने तेच करत राहिलो आणि हाती काही लागलं नाही. वाटलं, आपल्यालाच जमत नाही. रात्री लॅब बंद करताना पीएचडी सोडायचा विचारही येऊन गेला. शेवटी एका कॉन्फरन्समध्ये चहा पिताना दुसऱ्या लॅबची एक सिनियर ताई सहज म्हणाली, "अरे, ते आमच्याकडेही दोघांनी करून सोडलं." मी विचारलं, "मग लिहिलं का नाही कुठे?" ती हसली. "न झालेलं कोण छापतं?"

परत येऊन मॅडमना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू वाचलेस ते पेपर म्हणजे झालेले प्रयोग. केलेले प्रयोग नव्हेत."

रॉबर्ट रोझेनथाल यांनी १९७९ मध्ये याला फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम असं नाव दिलं: न जमलेले प्रयोग ड्रॉवरमध्येच राहतात. छापलेलं लिटरेचर हे त्या छोट्या कन्सोलसारखं असतं. आत ३० गेम्स, सगळे गाजलेले. अलामोगोर्डोच्या खड्ड्यातले त्यात नसतात.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना, प्रपोजल लिहिताना किंवा मित्राशी वाद घालतानाही तीन प्रश्न विचारा:

१. माझ्यासमोर जे आहे ते कोणी आणि कसं निवडलं? बाहेर काय राहिलं?
२. मी वापरतोय त्या शब्दाची व्याख्या काय, आणि तो मोजायचा कसा?
३. हे कोणी, कुठल्या मशीनवर, कधी मोजलं?

आणि प्रयोग फसत असेल तर पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका. दुसऱ्या लॅबमधल्या कोणाला तरी फोन करा. न छापलेलं अजूनही तोंडीच कळतं.

बाकी, हे सगळं ऐकून झाल्यावर रूममेट काय म्हणाला? "ठीक आहे, पण कॉन्ट्रा भारीच होता." यावर माझ्याकडे डेटा नाही. पण मत विचाराल तर, होताच!