सोळाशे मीटर आणि अडीच हजार परार्ध

सावरोली–खारपाडा रस्त्यावर, कुंभिवलीजवळ, पहाटे पोरं धावतात. पोलीस भरतीची तयारी. कंपन्यांचे ट्रेलर सुरू व्हायच्या आत सराव उरकायचा असतो. साइडपट्टीवर चपला काढून ठेवलेल्या, शेजारी एनर्जी ड्रिंकचा रिकामा डबा, अजून थंड, बाहेरून पाणी सुटलेला. तो डबा दिसला की मी हिशेब मांडायला बसतो.

१६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवले तर पूर्ण २० गुण. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. तेवढ्यात ६५ किलोचा पोरगा सुमारे १०५ किलोकॅलरी जाळतो. हृदय शंभर लिटरच्या वर रक्त ढकलतं, वीस लिटरचे पाच जार! अंगात रक्त मात्र पाचच लिटर. तेच वीस फेऱ्या मारतं. त्याहून थक्क करतं ते एटीपी. स्नायू ज्याच्यावर चालतात ते हे रसायन अख्ख्या शरीरात शंभरेक ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांच्या वजनाइतकं. जीव तोडून धावताना मिनिटाला अर्धा किलोपर्यंत लागतं. मग तेच मोडायचं, जोडायचं, पुन्हा मोडायचं. पाच मिनिटांत वीस-पंचवीसदा.

आता डबा. २५० मिलीत २७ ग्रॅम साखर, साधारण ११० किलोकॅलरी. बरोबर एका धावेपुरती. पण ती लागते कुठे? रात्री पोटभर भात जेवलेल्या पोराच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून दोन हजारांच्या आसपास किलोकॅलरी आधीच साठलेल्या असतात.

काम करतं ते कॅफिन. ८० मिलिग्रॅम, तांदळाच्या तीन-चार दाण्यांइतकं. पण त्याचे रेणू मोजले तर जवळपास अडीच हजार परार्ध! एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध, आपल्या जुन्या गणनेतली शेवटची पायरी. अ‍ॅडेनोसिन मेंदूला 'दमलास' असा निरोप देतं. कॅफिनचे रेणू जाऊन त्याचीच जागा अडवतात. दमणूक जात नाही, तिची जाणीव मागे सरते.

फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण बहुतेक अभ्यासांत मात्रा असते किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, तासभर आधी. ६५ किलोला निदान १९५, म्हणजे जवळजवळ अडीच डबे. आणि आपल्याकडची अन्नसुरक्षेची सूचना सांगते, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. दोन डब्यांतच ती हद्द संपते.

शिवाय लेखी परीक्षेच्या अभ्यासासाठी जागायला म्हणून रात्री १० वाजता घेतलेल्या डब्यातलं निम्मं कॅफिन पहाटे ३ वाजताही अंगात असतं. मला काळजी वाटते ती याची. परवा धापा टाकत थांबलेल्या एकाला विचारलं, "किती झोपलास रे?"

"दोन तास, काका," तो म्हणाला, आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला.