ट्रॉलीत बिऱ्हाड चढवण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचे शब्दांकन)

खंडेनवमीला आपल्याकडे कोयते, कुऱ्हाडी, नांगर, ट्रॅक्टर सगळं धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. ट्रॉलीलाही घालतात. आज आम्ही त्या ट्रॉलीबद्दलच बोलणार आहोत. पूजेच्या दिवशी ती धुतलेली असते आणि धुतलेल्या लोखंडावर तडा लगेच दिसतो. मग कुंकू लावायला गेलेल्या बाईनंच ती दोन मिनिटं वाकून का पाहू नये?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीला माणसं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सातारा, पुणे, सोलापूर, नगरकडं, कुणी पार कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, मुकादमाची ट्रॉली दारात येते, तिच्यात बाजरीची पोती, चूल, भांडी, कोपीचे बांबू, ताडपत्री, शेळी चढते आणि त्या सगळ्याच्या वर आपण लेकरं घेऊन बसतो. पुढचे पाच-सहा महिने हीच ट्रॉली ऊस वाहते आणि शेवटी आपल्याला घरी आणते. काही गटांतल्या बायांच्या घरी आता स्वतःचा ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आहेत, त्यांच्यावर कर्ज आहे, हप्ता आहे. म्हणून ट्रॉलीत बसणाऱ्या आणि ट्रॉलीच्या मालकीणबाई, दोघींशीही आम्ही बोलतोय.

घर चाकावर घालून ओढत न्यायची ही रीत फक्त आपलीच नाही. परदेशात मोटारीच्या मागं लहानशी खोली जोडून लोक सहलीला जातात. कॅनडातल्या विनिपेग शहरात रे ओलेको नावाच्या माणसानं १९६८ साली फायबरची अशी खोली बनवली, तिचं नाव बोलर. त्याआधी तो फायबरच्या सेप्टिक टाक्या घडवायचा. टाकीला सांधे कमी ठेवले तर ती गळत नाही, मग घर तसंच का करू नये, असा त्याचा हिशेब. अंड्याच्या टरफलासारखे वरचा आणि खालचा असे दोन भाग एकमेकांवर बसवायचे. वजन जेमतेम चारशे किलोच्या आसपास, साधी मोटारसुद्धा ओढील असं. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली अशा फिरत्या घरांसाठी कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते हौसेचं झालं. आपण निघतो ते पोटासाठी. पण मागं काही जोडून ओढायचं म्हटलं की त्याचे नियम हौसेला आणि पोटाला सारखेच लागू होतात, आणि त्या लोकांनी ते नीट लिहून ठेवलेत.

पहिला नियम वजनाचा. एकाच आसाची, म्हणजे दोन चाकांची ट्रॉली तराजूसारखी असते. चाकं म्हणजे तराजूचा काटा. मागच्या बाजूला वजन जास्त झालं की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी झुलायला लागते. सगळं वजन पुढं टाकलं तर हूक खाली दबतो आणि ट्रॅक्टरचं तोंड उठतं. तोंड उठलं की स्टेअरिंग फिरवून काही उपयोग नसतो, कारण पुढची चाकं जमिनीला नीट टेकलेलीच नसतात. परदेशी लहान ट्रॉल्यांसाठी हिशेब असा सांगतात की एकूण शंभर किलो असतील तर त्यातले दहा ते पंधरा किलो हुकावर यावेत. आपण काटा लावून मोजत बसणार नाही. पण धान्याची पोती तळाला, चाकांच्या बरोबर वर आणि थोडी पुढच्या अंगाला ठेवायची, बांबू-ताडपत्री वर आणि मागं ठेवायची, एवढं तर सामान चढवणाऱ्या बाईच्या हातात असतं. घरातलं सामान रचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, हेही तसंच.

चार चाकांच्या ट्रॉलीत हुकावर वजन येत नाही, पण तिची पुढची चाकं दांडीबरोबर वळतात. एकदम काटकोनात वळवली की ती त्या कोपऱ्यावर कलंडते. आणि दोन ट्रॉल्या एकामागं एक असल्या तर मागचीला झोला जास्त बसतो. माणसं बसवायचीच असली तर मागच्या ट्रॉलीत मुळीच बसवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता हूक. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये एक पिन असते, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. सगळं बिऱ्हाड त्या पिनेवर. तिच्या खालच्या टोकाला भोक असतं, त्यात क्लिप हवी. बऱ्याच ठिकाणी क्लिप हरवलेली असते आणि तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा वाकवलेला खिळा असतो. कधी काहीच नसतं. खड्ड्यात आदळली की पिन वर उडते आणि ट्रॉली सुटते. चढावर सुटली तर मागं जाते, आणि मागं कोण येत असेल ते सांगता येत नाही. पिन झिजून मधोमध बारीक झाली असेल तर ती बदलायची. नवी पिन आणि क्लिप ट्रॅक्टरच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि ट्रॉलीच्या एका टायरच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही. त्याच्या जोडीला एक जाड साखळी दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत बांधून ठेवा. पिन तुटली तरी साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

दांडी ट्रॉलीच्या सांगाड्याला जिथं जोडलेली असते तिथली वेल्डिंग बघा. धुतल्यावर वाळली की तड्याच्या जागी तांबूस गंजाची बारीक रेघ उमटते. ती रेघ दिसली तर वरून रंग मारू देऊ नका, वेल्डरकडं न्यायला लावा. फाळक्याच्या कड्याही हलवून बघा. लेकरं फाळक्याला टेकून बसतात.

चाकांचं काम पुरुष मंडळींवर सोडलं तरी चालेल, पण ते झालं का हे विचारायचं आपण. हंगामाआधी बेअरिंगला ग्रीस भरायचं. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवलं तर खडखड होता कामा नये. टायरला बाजूनं चिरा असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, तो टायर म्हातारा झाला. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबायचं, नट आवळून घ्यायचे आणि हाताची मागची बाजू चाकाच्या मधल्या भागाजवळ न्यायची. लगेच तळवा टेकवू नका, भाजेल. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर आतलं बेअरिंग बोलतंय असं समजा. तसंच रेटलं तर ते चाक रात्री मधल्या रस्त्यावर निखळतं.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, दोन पायट्या असतात. शेतात वळताना एकच दाबायची सोय म्हणून त्या वेगळ्या केल्यात. रस्त्यावर आल्यावर त्या दोन्ही एकत्र जोडायची पट्टी असते, ती लावायलाच हवी. ती न लावता घाईत एकच पायटी दाबली गेली की ट्रॅक्टर त्या बाजूला फेकला जातो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. आपल्याकडं धारूरचा घाट आहे, मांजरसुंब्याचा घाट आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. डिझेल वाचावं म्हणून न्यूट्रल करून सोडून देणारे ड्रायव्हर असतात. तेव्हा ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते. असा ड्रायव्हर दिसला तर ट्रॉलीतल्या चार बायांनी मिळून गाडी थांबवायला लावली पाहिजे. एकीचं तो ऐकणार नाही.

इथं डेकची गोष्ट आली. ट्रॅक्टरवर एवढा मोठा आवाज लावलेला असतो की मागं कुणी पडलं तरी पुढं ऐकू जात नाही. बिऱ्हाड ट्रॉलीत असेल तोवर डेक बंद, हे निघायच्या आधी मुकादमासमोर ठरवा. पुढच्या अंगाला एकानं ताट आणि पळी हातात ठेवायची. ताट वाजलं की गाडी थांबली पाहिजे. मधरात्री ते पहाटेपर्यंत गाडी कुठं उभी करायची तेही आधीच ठरवा, कारण सलग दोन रात्री जागलेल्या ड्रायव्हरला स्वतःलाही कळत नाही की त्याचा डोळा लागलाय.

आणि चालत्या गाडीपेक्षा कधीकधी उभी गाडी जास्त घात करते. अंधारात रस्त्याच्या कडेला उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मागच्या बाजूला लाल, बाजूंनी पिवळी चमकणारी पट्टी लावलेली हवी, आणि चिखल बसला की ती रोज पुसली पाहिजे. उसाची मोळी मागं लोंबली तर पट्टी आणि दिवा दोन्ही झाकतात. मागच्या दिव्याची वायर तुटकी असते, ती हंगामाआधी जोडून घ्या. गाडी बंद पडली तर आधी लेकरं उतरवून रस्त्यापासून लांब न्यायची, ट्रॉलीच्या मागं किंवा सावलीला चाकाशेजारी कुणीही बसायचं नाही. मग मागं पन्नास-साठ पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवायचा. दगड मांडायची सवय आहे, पण रात्री दगडही दिसत नाहीत आणि गाडी दुरुस्त झाल्यावर ते रस्त्यातच राहतात.

खरं तर कायद्याच्या नजरेत ट्रॉली ही मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. हे आम्हाला माहीत आहे आणि तुमच्यापुढं दुसरी वाट नसते हेही माहीत आहे. तरी एक वाट थोडी मोकळी झालीय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. गरोदर बाई, बाळंतीण आणि लेकरं एसटीनं पुढं जातील, सामान ट्रॉलीतून येईल, आणि तो तिकिटाचा खर्च मुकादमानं द्यावा, हे उचल घेतानाच बोलून घ्या. उचल हातात आल्यावर आपलं बोलणं हलकं होतं.

आता मालकीणबाईंशी चार शब्द. ट्रॉली कायद्यानं वेगळं वाहन आहे, तिला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. आपल्याकडं बीडचा एमएच २३ किंवा अंबाजोगाईचा एमएच ४४. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा निघाला असं होत नाही, पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आहे का ते वाचून घ्या. विमा ‘शेतीकामासाठी’ म्हणून काढलेला असेल आणि गाडी भाड्यानं कारखान्याचा ऊस वाहत असेल, तर अपघातानंतर कंपनी हात वर करू शकते. तेव्हा भरपाई मालकाच्या घरातून जाते, आणि आरसी बुकावर तुमचं नाव असेल तर मालक तुम्हीच. कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओकडं आरसीवरचा बोजा उतरवायचा. हे राहून जातं आणि विकायच्या वेळी आठवतं.

अपघात झालाच तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय, तेव्हा कुणी मदतीला कचरू नये. धडक देऊन गाडी पळून गेली तरी सरकारी भरपाई मिळते. मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्यासाठी अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो, आणि तो सहा महिन्यांच्या आत करावा. पुष्कळ बायांना माहीत नसलेली गोष्ट ही की अपघात सांगलीला झाला तरी दावा आपण राहतो तिथं, म्हणजे बीड जिल्ह्यातच दाखल करता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

आणि एक छोटं काम याच महिन्याच्या बैठकीत करता येईल. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० हवं. हे पैसे दरवर्षी मे संपायच्या सुमारास खात्यातून कापले जातात. त्या वेळी आपण नुकत्याच कारखान्यावरून परतलेल्या असतो, खातं रिकामं असतं, २० रुपये कापले जात नाहीत आणि विमा बंद पडतो. बंद पडल्याचं घरी कुणालाच कळत नाही. बैठकीला येताना प्रत्येकीनं पासबुक भरून आणावं. त्यात मे-जूनमध्ये कापलेले ते २० रुपये दिसतात का, हे सचिवताईंनी एकेकीचं बघावं. ज्यांचे दिसत नाहीत त्यांनी निघायच्या आधी बँकेत जाऊन पुन्हा फॉर्म भरावा.