एडिट कोणी केलं?

फोटो छान असला की लगेच कोणीतरी विचारतं, ‘एडिट केलाय का?’ सुरात संशय असतो, आणि ‘हो’ म्हटलं की दाद निम्म्यावर येते. कॅमेऱ्यातून निघाला तो खरा फोटो, नंतर केली ती रंगरंगोटी, अशी ही समजूत. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं हे पाहिलं की ती टिकत नाही. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या रंगांच्या या जाळीला १९७६ साली पेटंट मिळालं. बहुतेक कॅमेरे आजही तीच किंवा तिचीच भावंडं वापरतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेब करून भरले जातात. मोबाइल त्याच्याही पुढचा. एकदा बटण दाबलं की तो बऱ्याचदा अनेक फ्रेम घेऊन एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, कडा धारदार करतो. तेव्हा ‘जसाच्या तसा’ फोटोही एडिट झालेलाच असतो, फक्त कंपनीतल्या इंजिनिअरांच्या आवडीने.

स्वतः एडिट करायला बसणं म्हणजे ही निवड त्यांच्या हातून परत घेणं. समईच्या उजेडातलं देवघर घ्या. ज्योतीचा प्रकाश साधारण दोन हजार केल्विनचा, म्हणजे गडद पिवळा. कॅमेऱ्यातल्या ऑटो व्हाइट बॅलन्सला हे पिवळेपण दोष वाटतं. तो त्यातलं बरंचसं धुऊन काढतो आणि देवघर ट्यूबलाइटखाली आल्यासारखं दिसतं. फोटो रॉ फाईलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, असेल तर स्लायडर सरकवून पितळेचं सोनं परत आणता येतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. म्हणून अंधारातून तपशील काढतानाही चित्र फाटत नाही. पण किती काढायचा? एकाला काजळी धरलेला कोनाडा काळोखातच हवा असतो, दुसऱ्याला त्यातली जुनी तसबीर दिसायला हवी असते. त्या रात्रीचं काय लक्षात राहिलं, यावर ते ठरतं. ते ठरवणं सॉफ्टवेअरच्या आवाक्यातलं नाही.

एडिटचं हे खूळ संगणकाने आणलं असंही नाही. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात (१८६३ आणि १८६६) स्टुडिओत काढलेली माणसं शहरातल्या वेगळ्याच पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. आपल्याकडच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने टचिंग चाले. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढची कित्येक वर्षं डार्करूममध्ये त्याचं आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. पियानोचं शिक्षण घेतलेल्या ॲडम्सना निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल वाटे. फोटोशॉपमधल्या ‘डॉज’ आणि ‘बर्न’ या हत्यारांची नावं डार्करूममधूनच आली आहेत.

मग खोटेपणाचं काय? आक्षेप रास्त आहे, पण तो हत्यारावर नव्हे, दिलेल्या शब्दावर घ्यायला हवा. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, १९९४मध्ये ‘टाइम’ने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो अधिक काळा करून छापला. दोन्हींवर टीका झाली ती योग्यच. ‘हे असंच होतं’ असं वाचकाला सांगून त्यांनी ते बदललं होतं. देवघराच्या फोटोने असा शब्द दिलेला नसतो. लग्नाच्या अल्बमचं तेवढं अवघड आहे: नवरीला न विचारता तिचा रंग दोन छटा उजळणाऱ्याला मी कलाकार म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. सगळ्यांकडे तेच ॲप असेल तर त्यात स्वतःचं ते काय? खरंच, पुष्कळदा काहीच नसतं. विकतचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, लावणारा कंपनीच्या इंजिनिअराची आवड सोडतो आणि प्रीसेट विकणाऱ्याची उचलतो. सध्या हिरवा रंग दाबून चित्र उदास करणारे प्रीसेट जोरात आहेत. त्यातला एखादा पावसाळ्यातल्या सह्याद्रीला लावला, की खाचरातल्या भाताच्या रोपांचा पोपटी आणि बांधावरच्या करवंदीच्या जाळीचा काळपट हिरवा, दोन्ही एकाच शेवाळी रंगात बुडतात.