लाळेतील पुटिका आणि मुखकर्करोगाचा माग

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात असलेले खापरखेडा हे गाव बाहेरच्यांना १३४० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रामुळे ठाऊक असले, तरी कर्करोगाचा विचार करताना तेथील चिमण्यांइतकेच पानठेल्यांकडेही लक्ष द्यावे लागते. कारण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भातील बहुतेक गावांप्रमाणे येथेही अंगवळणी पडलेला आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, परंतु खर्रा कारखान्यातून बंद पाकिटात येत नसून गिऱ्हाइकासमोर घोटला जात असल्यामुळे त्याला आळा घालणे अवघडच राहिले. त्यातील तंबाखू बाजूला ठेवली तरी धोका संपत नाही, कारण नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे.

सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतू साठत जातात, अस्तर पांढुरके व ताठ होते, आधी तिखट सोसेनासे होते आणि पुढे तोंडच पुरते उघडेनासे होते. अशा रुग्णांपैकी काहींनाच पुढे कर्करोग होतो. तो नेमका कोणाला होणार, हे गालाचा तुकडा न कापता लाळेवरून किंवा रक्तावरून ओळखता येईल काय, या प्रश्नाने संशोधकांना पेशीबाह्य पुटिकांकडे वळवले आहे.

पेशीबाह्य पुटिका म्हणजे पेशीने आपल्याच आवरणाचा अंश वापरून बाहेर सोडलेली अतिसूक्ष्म पिशवी होय. पेशीच्या पृष्ठभागावरून थेट तुटून निघणाऱ्या पुटिका आकाराने मोठ्या असतात, तर एक्झोसोम नावाच्या लहान पुटिका पेशीच्या आतील एका कप्प्यात तयार होतात आणि तो कप्पा बाह्य आवरणाला येऊन मिळाला की बाहेर पडतात. त्यांचा व्यास साधारणपणे ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण एक सहस्रांश, असतो. निरोगी पेशीही पुटिका सोडतात, त्यामुळे रक्त, लाळ, मूत्र आणि दूध या सर्वांत त्या आढळतात. पीटर वुल्फ यांनी १९६७ मध्ये रक्तबिंबिकांपासून निघालेल्या अशा कणांना धूळ म्हटले होते; १९८३ मध्ये कॅनडात रोझ जॉनस्टन आणि अमेरिकेत फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळांना पक्व होत असलेल्या तांबड्या पेशी नको असलेली प्रथिने याच मार्गाने बाहेर टाकताना दिसल्या, तेव्हाही पेशीचा हा केरकचरा असावा, असाच बराच काळ समज राहिला. २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी एका पेशीच्या एक्झोसोममधील आरएनए, म्हणजे जनुकातील सूचना वाहणारा रेणू, दुसऱ्या पेशीत पोहोचून तेथे प्रथिने घडवू शकतो, हे दाखवले आणि या समजाचा पाया ढासळला.

कर्करोगात या देवघेवीला वेगळेच वळण लागते. गाठीतील पेशींनी सोडलेल्या पुटिका आसपासच्या पेशींना नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास उद्युक्त करतात, रोगप्रतिकारक पेशींना थोपवतात आणि दूरच्या अवयवात कर्कपेशींना रुजता येईल अशी भूमी आधीच तयार करून ठेवतात. न्यूयॉर्कमधील डेव्हिड लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखवून दिले की, पुटिकेच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन या चिकटून धरणाऱ्या प्रथिनांचा कोणता प्रकार आहे, यावर ती फुप्फुसात स्थिरावणार की यकृतात, हे बऱ्याच अंशी ठरते. रोग शरीरभर वाटेल तसा पसरत नाही, हे वैद्यकाला शतकाहून अधिक काळ ठाऊक होते. त्याचे एक कारण या प्रयोगाने हाती दिले.

निदानासाठी पुटिकांचे मोल असे की, त्यांच्या आवरणामुळे आतील आरएनए रक्तात किंवा मूत्रात लवकर नष्ट होत नाही. २००८ मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीच्या २५ रुग्णांपैकी ७ जणांच्या रक्तद्रवातील पुटिकांत गाठीचा विशिष्ट आरएनए सापडला. अमेरिकेत पौरुषग्रंथीच्या कर्करोगासाठी मूत्रातील एक्झोसोमची चाचणी आज उपलब्ध आहे, परंतु ती निदान करत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या पुरुषांच्या रक्तातील पीएसए या पौरुषग्रंथीच्या प्रथिनाची पातळी संशयास्पद आहे, त्यांच्यात ऊतीचा तुकडा काढण्याची गरज कितपत आहे, एवढेच ती सुचवते. मुखकर्करोगाबाबत कॅलिफोर्नियात केलेल्या सूक्ष्मदर्शी निरीक्षणांत रुग्णांच्या लाळेतील पुटिका निरोगी माणसांच्या पुटिकांहून मोठ्या, वेड्यावाकड्या आणि एकमेकींना चिकटलेल्या आढळल्या. ही निरीक्षणे आशादायक असली, तरी त्यांवरून रोजच्या वापराची चाचणी सिद्ध झाली, असे म्हणणे घाईचे ठरेल.

ही घाई टाळण्याचे कारण तांत्रिकही आहे. पुटिका वेगळ्या करण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट बल देणारे अपकेंद्री यंत्र तासन्‌तास चालवावे लागते, आणि तरीही रक्तातील मेदकण त्यांच्यासोबत खाली बसतात. अब्जावधी पुटिकांतून गाठीच्या मोजक्या पुटिका हुडकणे त्याहून कठीण. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये गाजलेले एक चिन्हक नंतरच्या काही अभ्यासांत तितके खात्रीचे ठरले नाही, आणि अशा अडचणींमुळे कार्यपद्धतीचे किमान निकष पुटिकांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला वेळोवेळी कडक करावे लागले.

उपचाराच्या बाजूने पाहता पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वैजयंती काळे यांच्या गटाने केलेले काम उल्लेखनीय आहे. तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेतील आधारपेशींनी सोडलेल्या पुटिका म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तजनक मूलपेशींना दिल्या असता त्या पुन्हा कार्यक्षम होतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून दिसले; रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेचा दाता वयस्कर असेल, तर याचा उपयोग होण्याजोगा आहे. ह्यूस्टनमध्ये एक्झोसोममध्ये विशिष्ट आरएनए भरून स्वादुपिंडाच्या गाठीतील बिघडलेले जनुक गप्प करण्याचा उपाय उंदरांत यशस्वी होऊन माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचला आहे. याउलट फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांना एक्झोसोमची लस दिली असता निम्म्यांचा रोग चार महिने स्थिर राहावा हे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात ते सातांच्याच बाबतीत साधले. मान्यताप्राप्त औषध अद्याप नसतानाही एक्झोसोमच्या नावाने महागडी इंजेक्शने विकणारे दवाखाने निघाले असून, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्येच त्यांविरुद्ध सार्वजनिक इशारा दिला होता.

लाळेची भरवशाची चाचणी येईपर्यंत खापरखेड्यातील खर्रा खाणाऱ्यासाठी जुनीच तपासणी उपयोगाची आहे, आणि तिची बाजू भक्कम आहे: केरळात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या नजरेने तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा तीन बोटे उभी शिरतील इतके तोंड उघडत नसेल, तर खर्रा त्याच दिवशी सोडून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड दाखवून घ्यावे.