राबाचे शास्त्र आणि आपली खाचरे

कल्याण, मुरबाड, शहापूर या भागांतील भातशेतकऱ्यास राब म्हणजे काय हे सांगावयास नको. रोपांची जागा शेण, फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन पावसापूर्वी भाजून घ्यावयाची, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु या रीतीविषयी शास्त्रज्ञांनी काय शोधून काढले, हे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी आले असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी जंगलांतून राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेने मोठी तक्रार केली. राब ही अडाण्यांची उधळपट्टी, की पिकाची खरी गरज, हा वादाचा मुद्दा होता. पुढे डॉ. हॅरल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांनी या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नसून, भाजल्यामुळे मातीत जो पालट होतो त्यातही आहे, असे त्यातून दिसून आले. म्हणजे रयत अडाणी नव्हती. परंतु निबंध इंग्रजीत! ज्याच्या अनुभवाची ती साक्ष, त्यालाच ती वाचता येण्याजोगी नव्हती.

तीच चूक आज होऊ नये. कल्याणहून आगगाडीने सहज जाता येईल अशा कर्जत येथे १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धतही भातासाठीच आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळावी. चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात गाडावा. लावणी दोरीने, आलटून पालटून १५ व २५ सेंटिमीटर अंतरावर करावी. आणि जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. हेक्टरी सुमारे १७० किलो गोळ्या लागतात. फेकून दिलेला युरिया मोठ्या पावसात बांधावरून वाहून जातो. खोचलेली गोळी मुळांपाशी राहते. राबासाठी ज्यास आता झाडोरा उरला नाही, त्याने पहिल्या सूत्राकडे विशेष लक्ष द्यावे.

मराठीतून विज्ञान सांगण्यासाठी मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि गावोगावची चावडी अद्याप आपणांसच गाठावयाची आहे. यास्तव वाचकांस विनंती की, अंक घरी ठेवून न देता, ज्यास वाचता येत नाही त्यास तो वाचून दाखवावा. कर्जतच्या केंद्रात शिवारफेरी असल्यास शेजाऱ्यासही बरोबर न्यावे. आणि यंदा एका गुंठ्यात चारसूत्री व शेजारच्या गुंठ्यात आपली नेहमीची रीत ठेवून, दोन्हींचे धान्य निरनिराळे मोजून आम्हांस कळवावे. उत्पन्न कमी आले तरी तेही लिहावे. रयतेचा अनुभव मागे एकदा खरा ठरला आहे. या खेपेस तो तिच्याच भाषेत नोंदला जावा, एवढीच इच्छा.