दुखणे लपवणाऱ्या बाईला बोलते कोण करते? जामखेडच्या आरोग्य सेविकांकडून शिकण्यासारखे

घरातल्या बाईचे दुखणे दवाखान्यात सगळ्यात उशिरा पोहोचते. मुलाला ताप आला तर त्याच संध्याकाळी आणतात. नवऱ्याच्या छातीत दुखले तर लगेच गाडी काढतात. तिचा दोन महिन्यांचा खोकला मात्र "चुलीच्या धुराने असेल" म्हणून राहून जातो आणि पाठीवरचा चट्टा पदराखाली झाकला जातो. "कधीपासून आहे?" असे मी विचारते, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा महिन्यांत येते, कधी कधी वर्षांत.

उशिराची कारणे अनेक आहेत. पैसे नसतात, शेतातले काम सुटत नाही, सोबत यायला कोणी नसते. टीबी आणि कुष्ठरोग या दोन आजारांत आणखी एक कारण असते आणि ते या सगळ्यांपेक्षा मोठे असते: भीती. सासरी कळले तर काय, मुलीचे लग्न अडले तर काय, मला माहेरी नेऊन सोडले तर काय. या भीतीवर आमच्याकडे गोळी नाही. पण तिच्यावर काय उपयोगी पडते, हे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वीच दिसले आहे.

जामखेडला काय घडले

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली जामखेडला आले. दोघांचे शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणि पुढे अमेरिकेत झालेले. तालुका दुष्काळी. त्यांनी काम सुरू केले त्या गावांत 1971 साली जन्मलेल्या दर 1000 बाळांपैकी 176 बाळे वर्षाची होण्याआधीच दगावत होती. म्हणजे साधारण सहातले एक.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्सेस गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. शहरात शिकलेल्या मुलींना खेड्यात एकटे राहणे अवघड जाई आणि गावातल्या बायकाही त्यांच्यापाशी मन मोकळे करत नसत. मग गावकऱ्यांकडूनच सूचना आली की, आमच्यातलीच एखादी बाई निवडा आणि तिला शिकवा.

गावांनी निवडलेल्या या बायकांपैकी बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. कोवळ्या वयात लग्न झालेल्या, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, स्वतःचे मूल गमावलेल्या अशा बायका त्यांत होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. दोन दिवस शिकायचे आणि उरलेले दिवस गावात तेच इतरांना सांगायचे. बाळंतपणात हात कसे धुवायचे, नाळ कशाने कापायची, मुलांची वजने कशी घ्यायची, जुलाबात काय पाजायचे, खोकणारा माणूस आणि अंगावर चट्टा असलेला माणूस कसा ओळखायचा.

1993 पर्यंत बालमृत्यूचे प्रमाण 176 वरून 19 पर्यंत खाली आले. याचे सगळे श्रेय एकट्या सेविकांना देणे बरोबर होणार नाही. हातपंप आले (ते मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे सगळ्या गावाला तिथेच पाण्याला यावे लागले), लसी आल्या, शेती थोडी सुधारली, पोटाला बरे मिळू लागले. पण हे सगळे घराच्या उंबरठ्याच्या आत नेले ते या बायकांनी. आरोळे दांपत्याला 1979 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तुमच्या गावात आशाताई आहेत ती योजना 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, पण गावातल्याच बाईने गावाचे आरोग्य सांभाळायचे ही रीत जामखेडला त्याच्या कितीतरी आधी रुळली होती.

तिचे ऐकतात ते का

जुलाबाचे उदाहरण घ्या. मुलाला जुलाब सुरू झाले की पाणी बंद करायचे, ही समजूत अजूनही पूर्ण गेलेली नाही. "प्यायला दिले की लगेच बाहेर पडते" हे आईला डोळ्यांनी दिसत असते. प्रत्यक्षात मूल दगावते ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतड्याला सूज असली तरी साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र दिले की पाणी शोषले जाते. ओआरएसची पुडी याच तत्त्वावर चालते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. जुलाब चालू असले तरी अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवणही थांबवायचे नाही.

हे मी दवाखान्यात सांगते तेव्हा आई मान हलवते आणि घरी गेल्यावर सासूबाईंचे ऐकते. ज्या शेजारणीचे स्वतःचे मूल जुलाबाने गेले आहे, ती घरात येऊन, मांडीवर घेऊन, चमच्या-चमच्याने पाणी पाजून दाखवते तेव्हा सासूबाईही गप्प बसून पाहतात. तिने काय सोसले हे गावाला माहीत असते. तिला हे सांगून काही मिळवायचे नाही, हेही माहीत असते.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ यांनी हीच गोष्ट फार चांगल्या रीतीने मांडली होती. त्यांना अमेरिकेत वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलायला बोलावले होते. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे असतात: सुंदर, महाग आणि हाताला न लागणारे. मग त्यांनी दोन साधे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याच्यावर दुसरा लावून दाखवला. आपण या दिव्यासारख्या आहोत, एकावरून दुसरा लागतो, असे त्यांचे म्हणणे. झुंबर म्हटल्याचा मला तरी राग येत नाही. माझ्याकडे दिवसाला जितके पेशंट येतात, त्यात एकेकीच्या घरी जाऊन बसणे मला शक्य नाही.

कुष्ठरोग: चट्टा, भीती आणि तव्याचा चटका

कुष्ठरोग संपला असे अनेकांना वाटते. तो संपलेला नाही. फक्त लवकर औषध मिळाले तर आता बोटे झडण्यापर्यंत वेळ येत नाही.

हा जंतूंमुळे होणारा आजार आहे. पाप, शाप, आनुवंशिकता यांचा त्याच्याशी संबंध नाही. जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्या जागी स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण येते? त्यातून चट्टा पाठीवर किंवा मांडीवर असला तर तपासणीला आलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला बाई तो दाखवणार नाही. गावातलीच ओळखीची बाई मात्र घरात, दार लोटून, पाहू शकते. अशा तपासणीत सेविकेचे महत्त्व इथेच आहे.

जंतू नसांवर हल्ला करतात आणि खरे नुकसान तिथे होते. हाताची नस गेली की भाकरी भाजताना तव्याचा चटका बसलेला कळत नाही. गरम पातेले उघड्या हाताने उतरवले जाते, फोड येतो, त्याची जखम होते, ती चिघळते. पायाची नस गेली की चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचत राहतो आणि संध्याकाळी रक्त दिसल्यावरच लक्षात येते. बोटे आखूड होतात ती अशा वारंवार झालेल्या जखमांमुळे आणि नसा निकामी झाल्यामुळे. ज्यांच्या हाताला बधिरपणा आहे त्यांनी स्वयंपाकात जाड फडके किंवा सांडशी वापरावी. रोज हात-पाय डोळ्यांनी तपासावेत, वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावेत, ओलसर असतानाच तेल लावावे आणि मऊ तळव्याची चप्पल घालावी. अनवाणी शेतात जाऊ नये.

उपचाराचे नाव एमडीटी. आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो. त्यामुळे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, मुलाला जवळ घ्यायचे नाही, असले काही करण्याची गरज नाही. गरोदरपणातही हे औषध चालू ठेवतात.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात, कारण त्यांना घाबरून बायका गोळ्या सोडतात. एका गोळीने लघवी लाल होते. ते रक्त नसते. दुसऱ्या एका गोळीने त्वचा काळवंडते. हा रंग औषध संपल्यावर हळूहळू, काही महिन्यांत उतरतो. "लोक विचारतात, काय झालं गं तुला" हा प्रश्न किती टोचतो हे मला समजते, आणि इथेच आधी या वाटेने गेलेली, आता पूर्ववत दिसणारी बाई शेजारी असली तर माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम होते.

उपचार चालू असताना चट्टे अचानक लाल होऊन सुजले, हाता-पायाची ताकद कमी झाली, नसेच्या जागी ठणका लागला किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ही शरीराची प्रतिक्रिया असते. तिच्यावर वेगळे औषध आहे, पण उशीर झाला तर नस कायमची जाते. एमडीटी बंद करू नका.

आणि कायद्याचे. पूर्वी जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानले जात होते. 2019 च्या कायद्याने ते काढून टाकले. ज्या घरात ही धमकी दिली जाते, त्या घरातल्या बाईला हे माहीत असलेले बरे.

टीबी आणि ऊसतोडीचा हंगाम

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त, यांपैकी काही असेल तर थुंकी तपासा. बायकांमध्ये टीबी गर्भाशयाच्या नळ्यांतही होतो, तेव्हा खोकला नसतो. फक्त मूल राहत नाही, आणि दोष तिच्या नशिबाला दिला जातो.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आणि मोफत आहे. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच बरे वाटू लागते आणि गोळ्या सुटतात त्या इथेच. जामखेड, पाथर्डी भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे फार होते. निघण्याआधी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना सांगा. तुमची नोंद निक्षय प्रणालीत असते, त्यामुळे ज्या गावी कोपी टाकाल तिथल्या सरकारी दवाखान्यातून पुढच्या गोळ्या मिळू शकतात. आहारासाठी सरकारकडून दरमहा 1000 रुपये खात्यात जमा होतात, त्यासाठी बँक खात्याची नोंद झाली आहे का ते विचारून घ्या. टीबीतून बरे झालेल्या काही रुग्णांना प्रशिक्षण देऊन 'टीबी चॅम्पियन' केलेले असते. तुमच्या तालुक्यात अशी कोणी बाई आहे का हेही विचारा आणि औषध सुरू होताना एकदा तिच्याशी बोला.

घरच्यांसाठी

एक इशारा देते. "बघ, ती कशी उभी राहिली, आणि तू काय रडत बसलीस" असे आजारी बाईला सुनावू नका. दुसरीच्या धैर्याची गोष्ट अशी वापरली की ती काठी होते. जामखेडच्या त्या बायकाही एकट्या उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांना दर आठवड्याला भेटणाऱ्या मैत्रिणी होत्या, शिकवणारे होते, अडले की पाठवायला दवाखाना होता. तुमच्या घरातल्या बाईला आधी तपासणी, गोळ्या, दूध-अंडी-डाळ आणि दुपारची झोप मिळू द्या. बोलायचे की नाही, कोणाशी बोलायचे, हे तिचे ती ठरवेल. तिचा आजार तिला न विचारता चार जणांत सांगू नका, चांगल्या हेतूनेही नाही.

ती दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास आहे, जेवत नाही, झोपत नाही, जगून काय करू असे म्हणते, तर ते आजाराच्या वर आलेले नैराश्य असू शकते आणि त्यावरही उपचार आहे. 14416 या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

बरी झालेली बाई स्वतःहून इतरांना मदत करू इच्छित असेल तर तिला एवढेच सांगा की तिने सोबत करावी, गोळ्या सांगू नयेत. माझ्या वेळी अमुक गोळी चालली म्हणून तीच तूही घे, असे झाले तर घात होतो. चट्टा दिसला, खोकला लांबला, बाळंतिणीला जास्त रक्तस्राव होतोय असे कळले, की तिने सोबत करून दवाखान्यात आणावे.

तुमच्या घरात कोणाला कुष्ठरोगाचे निदान झाले असेल तर घरातल्या सगळ्यांची, लहान मुलांसकट, एकदा त्वचेची तपासणी करून घ्या. जवळच्या संपर्कातल्या व्यक्तींना प्रतिबंधासाठी औषधाचा एकच डोस सरकारी कार्यक्रमात दिला जातो. तो कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर तपासून सांगतील.